साथीच्या काळात घरच्यांना समजवायचं कसं

माहिती कमी पडते म्हणून लोक काळजी घेत नाहीत असं मला आधी वाटायचं. पण कोविडमध्ये हात धुवा, गर्दी टाळा हे लहान पोरांनासुद्धा पाठ होतं, तरी मास्क नाकाच्या खाली, आणि खोकला आला की नेमका मास्क खाली ओढून खोकायचं. माहीत असणं, पटणं आणि हातून होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे आधी समोरचा माणूस कुठे अडकलाय ते बघा.

माहीतच नसेल तर नुसता नियम नको, कारण सांगा. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, साबणाने ते फुटतं पण त्याला जरा वेळ लागतो, म्हणून निदान २० सेकंद, आणि सॅनिटायझर असेल तर त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. दुसरं म्हणजे कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरू शकतो. हे एकदा नीट कळलं ना की "मला तर काहीच होत नाहीये, मग मास्क कशाला" हे बोलणं बरंच कमी होतं.

पटत नसेल तर वाद घालू नका, चारचौघात तर नकोच, कारण मग माणूस चूक कळूनही मागे हटत नाही. बाजूला बसून विचारा, "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटतेय?" लसीबद्दल असेल तर ताप येऊ शकतो, हात दुखू शकतो हे आधीच सांगून टाका, लपवलंत तर पुढचं काही ऐकणार नाहीत. ज्या डॉक्टरांवर त्यांचा विश्वास आहे त्यांच्याशीच बोलणं करून द्या.

हातून होत नसेल तर मास्क दाराजवळ, चपलांच्या वर टांगा. एवढंच.

फॉरवर्ड होऊन येणाऱ्या मेसेजच्या बाबतीत मात्र सावध राहा. २०२० मध्ये इराणात दारूने कोरोना जातो या अफवेपायी विषारी मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं गेली, ब्रिटनमध्ये ५जी मुळे कोरोना पसरतो या अफवेपायी लोकांनी मोबाइलचे टॉवर जाळले. मेसेज वाचून एकदम भीती किंवा राग आला की तिथेच थांबा, तारीख बघा, कोण म्हणतंय ते बघा. खोटा निघाला तर पाठवणाऱ्याला वेगळा मेसेज करा, आणि त्यात खरं काय ते आधी लिहा, खोटी ओळच परत परत लिहिली तर तीच डोक्यात राहते.

आणि कोणी पॉझिटिव्ह आलं तर "कुठून आणलंस?" असं प्लीज विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० ला कोविड-१९ हे नाव ठेवताना मुद्दाम कुठल्या जागेचं, लोकांचं, प्राण्याचं नाव घेतलं नाही, कारण एकदा बोट दाखवलं की माणसं आजार लपवतात, टेस्ट करत नाहीत, आणि तसंच फिरतात. त्यापेक्षा "काय आणून देऊ?" विचारा, सामान दाराबाहेर ठेवा, रोज ठरल्या वेळी फोन करा आणि बोलताना धाप लागतेय का, छातीत दुखतंय का, बोलण्यात गोंधळ आहे का यावर लक्ष ठेवा, यातलं एक जरी जाणवलं तरी सकाळची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या.