स्टिरिओतून घुंऽऽ येतंय? आधी चार्जर काढा

लॅपटॉप स्टिरिओला जोडला की गाण्याआधी घुंऽऽ सुरू होते. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर स्टिरिओ धडधाकट आहे, भानगड अर्थिंगची आहे. दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असली की त्यांच्या अर्थमधल्या फरकामुळे ऑडिओ केबलच्या आतल्या तारेच्या जाळीतून करंट फिरतो, आणि 50 हर्ट्झची वीज स्पीकरमध्ये गुणगुणते. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं तर केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा फिरणारा करंट अडवणारी छोटी डबी, टाका. प्लगची तिसरी पिन मात्र तोडू नका. शॉकपासून तीच वाचवते.

आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात जमीन करपते, तशी अर्थिंगही कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुन्या लोकांची सवय उगाच नव्हती.

आवाज फाटतोय? पिन स्टिरिओच्या फोनोत, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या सॉकेटमध्ये असेल, ती ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या उपकरणांच्या सॉकेटमध्ये घाला. संगीत ऐकू येतं पण गायक गायब? लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधली पिन अर्धवट बसलीय, खटकन आत दाबा. काहीच वाजत नसेल तर कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये एचडीएमआय (म्हणजे आवाज टीव्ही-मॉनिटरकडे) निवडलेलं नाही ना, तेवढं बघा.