सायकलचं पंक्चर घरी काढताना: आधी काटा, मग ठिगळ

चाक बसलं म्हणजे पंक्चरच, असं नाही. साध्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर एक पातळ रबरी नळी चढवलेली असते, दुकानात तिला वॉलट्यूब म्हणतात. उन्हाने ती कडक होऊन चिरते आणि हवा तिथूनच जाते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर नवी वॉलट्यूब चढवा, टायर उघडायची गरज नाही. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर आतली पिन घट्ट करून बघा.

थेंब शांत राहिला तर सामान काढा: दोन टायर लिव्हर, 80 किंवा 100 नंबरचा पॉलिश पेपर, रबर सोल्युशन, साधारण 25 मिलिमीटरचे पॅच, पंप, बादलीभर पाणी. लिव्हर नसेल तर स्टीलच्या चमच्याचा गुळगुळीत दांडा चालतो. स्क्रू ड्रायव्हर मात्र नको, एका पंक्चरची दोन होतात.

चेनकव्हर असलेल्या सायकलचं मागचं चाक खोलायच्या भानगडीत पडू नका. सायकल आडवी करून चेनच्या उलट बाजूने ट्यूब ओढून घेता येते. गिअरची सायकल असेल तर चेन आधी सगळ्यात लहान चक्रीवर आणा, मग चाक काढा. उरलीसुरली हवा सोडून द्या. टायरची कड दोन्ही हातांनी दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, म्हणजे ढील मिळते. व्हॉल्व्हपासून वीतभर दूर लिव्हर घाला आणि एकच कड बाहेर काढा. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हजवळ टायरवर खडूची खूण करा आणि ट्यूबची कोणती बाजू चेनकडे होती तेही लक्षात ठेवा.

ट्यूब थोडी फुगवून पाण्यात फिरवा. बुडबुडे येतील तिथे पेनाने मोठी फुली मारा, कारण घासताना मधला भाग पुसला जातो आणि लांब रेघाच कामाला येतात. भोक कुठे आहे यावर कारण कळतं. बाहेरच्या अंगाला असेल तर काटा, खिळा किंवा काच. रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी रिमवरची पट्टी, सरकून स्पोकचं टोक टोचतंय. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर ठिगळ टिकत नाही, ट्यूबच बदला.

आता टायर, आणि खरी मेहनत इथेच आहे. घाईत ठिगळ लावून ट्यूब परत घातली की संध्याकाळपर्यंत चाक पुन्हा बसतं, आणि दोष सोल्युशनला दिला जातो. नाशिकमध्ये गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबक रोडला फिरून आलेल्या टायरमध्ये बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक असू शकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात लेथची लोखंडी चुरी रुतते, तर हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा. खडूच्या खुणेपासून ट्यूबवरच्या फुलीइतकं अंतर मोजा आणि तिथे आधी बघा. मग टायरच्या आतून कापसाचा बोळा पूर्ण गोल फिरवा. तो अडकेल तिथे टोक आहे. बोट फिरवू नका. आतून ढकलून पकडीने ओढा, आणि एक सापडला म्हणून थांबू नका.

ट्यूब कोरडी पुसा. पॅचपेक्षा बोटभर मोठी जागा चकाकी जाईपर्यंत घासा. ट्यूबवरची उंच रेघ तिथून जात असेल तर ती सपाट करा, नाहीतर हवा रेघेच्या कडेने निसटते. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि वाट पाहा: साधारण पाच मिनिटं, श्रावणातल्या दमट हवेत आणखी थोडी. बोट लावल्यावर चिकटून येत नाही, तेव्हा पॅच लावायचा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच सरकतो. हे द्रव्य झटकन पेट घेतं, म्हणून गॅसपासून लांब बसा. फेविक्विक वापरू नका, ते कडक होऊन तडकतं.

पॅचचा चंदेरी कागद काढा, खालच्या बाजूला बोट लागू देऊ नका. मधून कडांकडे दाबा, चमच्याच्या पाठीने मिनिटभर रगडा. वरचं पारदर्शक प्लास्टिक ओढताना कड उचलली जात असेल तर तसंच राहू द्या. आजूबाजूला थोडी टाल्कम पावडर लावली की ट्यूब टायरला चिकटत नाही.

बसवताना ट्यूबमध्ये थोडीच हवा ठेवा, म्हणजे पीळ पडत नाही. कड व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग अंगठ्यांनीच. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढा आणि दोन्ही बाजूंनी ट्यूब कडेखाली अडकलेली नाही ना, हे गोल फिरून बघा. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं.

सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, तेव्हा पॅचच्या डबीत एक न फोडलेली असू द्या.