सोन्याचे नाणे घेताना आधी मोडीचा भाव विचारावा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दसऱ्याला जळगावच्या सराफ बाजारात नाणे घ्यायला जाणारे अनेक जण फक्त त्या दिवसाचा भाव विचारतात. नाणे गुंतवणूक म्हणून घ्यायचे असेल, तर हेच नाणे पुढे मोडायला आणल्यास पेढी ते कोणत्या भावाने घेईल आणि घट किती धरेल, हे आधी दोन-तीन ठिकाणी विचारावे.

मग हिशेब मांडावा. सोन्याची किंमत १०० रुपये आणि घडणावळ ४ टक्के धरली, तर १०४ रुपयांवर ३ टक्के जीएसटी लागून नाणे १०७ रुपये १२ पैशांना पडते. मोडताना १ टक्का घट कापली गेल्यास हाती ९९ रुपये येतात. म्हणजे भाव आठ टक्क्यांहून अधिक चढेपर्यंत ही गुंतवणूक तोट्यातच राहते. लहान नाण्याला ग्रॅममागे घडणावळ सहसा जास्त पडते, म्हणून एकेक ग्रॅमची दहा नाणी जमवण्यापेक्षा ५ किंवा १० ग्रॅमचे एकच घ्यावे. केळीचे किंवा कापसाचे पैसे एकरकमी हाती येणाऱ्या घरांना ते जमण्यासारखे आहे.

नाण्यावरचा ९९९ किंवा ९९५ हा शुद्धतेचा आकडा पाहावा, शक्यतो बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, असलेलेच नाणे निवडावे आणि शुद्धता, वजन, घडणावळ वेगवेगळी दाखवणारे पक्के बिल घ्यावे. खरेदी २ लाखांच्या पुढे गेली तर पॅन द्यावा लागतो आणि एवढी रक्कम रोखीने देता येत नाही. बँकाही नाणी विकतात, पण परत घेत नाहीत. मोडायला शेवटी सराफाकडेच जावे लागते.

नाण्याचे सीलबंद पाकीट फोडू नये. कडी झाळून नाणे पोतीत ओवण्याची आपल्याकडची हौस समजण्यासारखी आहे, पण झाळण लागले की सराफ त्याला जुन्या दागिन्याच्या हिशेबाने तोलतो. लॉकरमध्ये ठेवल्यास, चोरी किंवा आगीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपुरतीच असते, म्हणून मोठ्या साठ्याचा विमा उतरवावा.

नाणे २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, त्याआधी विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. खरेदीची किंमत दाखवायला तेव्हा बिलच लागते. त्याची एक प्रत नाण्यापासून वेगळी ठेवावी.