उजळणीच्या तासाला कबड्डी

वर्गाच्या भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला की पहिले दोन आठवडे मजा येते. मग वरच्या पाचांना कळतं की आपण वरच राहणार, आणि खालच्या दहांना कळतं की आपल्याला काही ही गाडी पकडता येणार नाही. नुसते गुण मोजले म्हणजे खेळ होत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी परत येतो, आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो. मागे पडलेल्याला खेळात धरून ठेवणारे हे नियम सहावीच्या अपूर्णांकांच्या उजळणीला छान बसतात.

ए-फोर आकाराच्या पाच जाड कागदांचे प्रत्येकी आठ तुकडे करा; ४० कार्डं होतील. ३० साधी, १० बोनसची. साधा प्रश्न अर्ध्या मिनिटात तोंडी सुटला पाहिजे: ‘३/४ मोठा की ५/६?’ बोनसला दोन पायऱ्या हव्यात: ‘पाऊण किलो कांदे ४२ रुपयांना, तर किलोचा भाव काय?’ कार्डांवर प्रश्न आणि क्रमांक एवढंच लिहा, उत्तरांची यादी पंचाकडे, म्हणजे तुमच्याकडे. शिवाय दोन डबे, प्रत्येकात १ ते ७ आकड्यांच्या चिठ्ठ्या.

पट ४२ असेल तर तीन मुलं मिळून एक गडी, सात गड्यांचा एक संघ. पट २८ असेल तर जोड्या करा. गड्यातलं बोलणारं मूल दर वेळी बदलायचं, आणि चढाई १ ते ७ याच क्रमाने. हे सैल सोडलं तर दोन हुशार मुलं सामना खेळतात आणि बाकीचे प्रेक्षक होतात.

चढाईपटू कार्ड उचलतो, समोरच्या संघाच्या डब्यातून चिठ्ठी काढतो आणि त्या आकड्याच्या गड्याला प्रश्न वाचून दाखवतो. गडी चढाईपटूने निवडायचा नाही. तशी सूट दिली की दर वेळी कच्चाच गडी गाठला जातो. वाचून झाल्यावर ३० सेकंद. उत्तर बरोबर आलं तर चढाईपटूची पकड झाली: तो बाद, बचावाला एक गुण, आणि बचावात तीन किंवा कमी गडी उरले असतील तर दोन. उत्तर चुकलं आणि चढाईपटूने बरोबर सांगितलं तर समोरचा बाद. दोघांनाही आलं नाही तर चढाई रिकामी, कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी. लागोपाठ दोन रिकाम्या चढाया झाल्या की त्या संघाची तिसरी ‘करो या मरो’: गुण आला नाही तर चढाईपटू बाद आणि गुण समोरच्यांना.

बचाव करणाऱ्या गड्याला साखळी करता येते. शेजारच्या गड्याचा हात धरायचा, कुजबुजून विचारायचं, उत्तर मात्र स्वतःच द्यायचं. साखळी चुकली आणि चढाईपटूला उत्तर आलं तर दोन्ही गडी बाद. त्यामुळे खात्री नसताना कोणी मान डोलवत नाही.

समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनसचं कार्ड घेता येतं. उत्तर चढाईपटूने स्वतः द्यायचं. बरोबर आलं तर एक गुण, पण त्यावर कोणी परत येत नाही. चुकलं तर चढाई रिकामी.

आता या खेळाचा जीव. समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक परत येतो, ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. बाद गड्याने रिकामं बसायचं नाही: ज्या प्रश्नावर तो गेला तो वहीत पायऱ्यांसह सोडवायचा, आणि वही दाखवल्याशिवाय आत यायचं नाही. म्हणजे ज्याला जे येत नाही, तेच त्याच्या हातून सोडवून होतं, तेही घाईने, कारण संघ वाट पाहत असतो. सगळा संघ बाद झाला तर लोण: समोरच्यांना दोन जादा गुण आणि पूर्ण संघ पुन्हा मैदानात.

३५ मिनिटांच्या तासिकेत दहा-दहा मिनिटांचे दोन डाव बसतात, साधारण २५ चढाया होतात. (‘कबड्डी कबड्डी’चा दम मात्र नको, शेजारचा वर्ग तक्रार घेऊन येतो.) एकतृतीयांशापेक्षा जास्त चढाया रिकाम्या जात असतील तर कार्डं अवघड झाली आहेत. एकही लोण पडत नसेल तर काळजी नको. दर सामन्यात लोण पडत असेल तर संघ असमान आहेत, तीन सामने न थांबता लगेच बदला. एरवी दर तीन सामन्यांनी बदलायचे.

गुणफलक सामना संपला की पुसून टाका. हे गुण परीक्षेच्या गुणांत मिळवले की मुलं साखळी करणं सोडतात, कारण दुसऱ्यासाठी बाद होणं परवडत नाही. बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेटही नको. जिंकलेल्या संघाने पुढच्या सामन्याची दहा नवी कार्डं उत्तरांसह बनवून आणायची; तुम्ही तपासायची आणि दहा जुनी काढून टाकायची. गठ्ठा तोच राहिला तर तिसऱ्या सामन्यापर्यंत मुलं गणित न सोडवता कार्डाचा क्रमांक पाहूनच उत्तर सांगतात.