अपग्रेडनंतर फोटो उघडेनात

परवा मॅकची सिस्टीम अपग्रेड केली आणि त्यातल्या 'फोटोज' ॲपची लायब्ररी उघडायचं नावच घेईना. आत बारा वर्षांचं सगळं: औंढ्याची शिवरात्र, वेरूळची सहल, आजीचे शेवटचे फोटो.

घाबरून नवी लायब्ररी बनवली नाही, हे बरं झालं. लायब्ररीच्या फाइलवर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' उघडलं. 'ओरिजिनल्स' फोल्डरमध्ये मूळ फोटो जागेवर होते. जीवात जीव आला. तिथलं काही हलवलं मात्र नाही. हलवलं की डेटाबेसला, म्हणजे कुठला फोटो कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या फाइलला, ते सापडत नाहीत. अख्ख्या लायब्ररीची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली.

मग दिसलं, मॅकमध्ये जेमतेम ३ जीबी जागा उरलेली. जुना डेटाबेस नव्या आवृत्तीसाठी बदलताना मोकळी जागा लागते. चूक माझीच, भावकीतल्या लग्नांचे व्हिडिओ डाउनलोड्समध्ये कोंबलेले. ते काढले. ऑप्शन आणि कमांड दाबून धरून फोटोज उघडलं, 'रिपेअर' दिलं. आमच्या परभणीत दुपारी लाईटचा भरवसा नाही, म्हणून रात्री चार्जर जोडूनच लावलं.

सकाळी चहा घेऊन बसलो, तर स्क्रीनवर आजी.