मेलाटोनिन रिसेप्टरचे रिकॉम्बिनंट प्रथिन वापरताना या चुका टाळा

मेलाटोनिन या संप्रेरकाचे माणसात एमटी१ आणि एमटी२ असे दोन रिसेप्टर (संदेश ग्रहण करणारी पेशीतली प्रथिने) असून दोन्हींची रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकावरून प्रयोगशाळेत बनवलेली, प्रथिने आज कॅटलॉगमधून मागवता येतात. प्रयोग फसला की आपण बफर, तापमान आणि पिपेट यांच्या मागे लागतो. परंतु चूक पुष्कळदा मागणीपत्रातच झालेली असते, कारण ट्यूबमध्ये नेमके काय येणार आहे हे न पाहता तिच्याकडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर मागितले जाते.

एमटी१ ही ३५० अमिनो आम्लांची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते आणि मेलाटोनिन बसण्याची खाच पटलातल्या याच सात सर्पिलांच्या मध्ये असते. पटलाचा, किंवा त्याच्या जागी वापरलेल्या डिटर्जंटचा अथवा नॅनोडिस्कचा (मेदाच्या सूक्ष्म चकतीचा) आधार सुटला, तर ही खाच टिकत नाही. गव्हाच्या अंकुराच्या अर्कात, पेशीविना तयार केलेले आणि ग्लुटाथिओन ट्रान्सफरेजचा टॅग (शुद्धीकरणासाठी लावलेला जादा भाग) जोडलेले प्रथिन पूर्ण लांबीचे असले, तरी तेवढ्यावरून ते लिगंड (रिसेप्टरवर बसणारा रेणू) बांधेल असे गृहीत धरता येत नाही; माहितीपत्रकात उपयोग म्हणून फक्त एलायझा आणि वेस्टर्न ब्लॉट या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्या दिल्या असतील, तर ते अँटिबॉडी पारखण्यापुरतेच आहे असे समजावे. ज्या प्रथिनात रिसेप्टरचा केवळ एखादा तुकडा आहे, त्याच्याबाबत तर प्रश्नच उद्भवत नाही. लिगंड बांधणी मोजायची असेल, तर एमटी१ किंवा एमटी२ व्यक्त करणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या अथवा कीटकांच्या पेशींची पटले घ्यावीत.

बांधणीसाठी सहसा आयोडीन-१२५ लावलेले २-आयोडोमेलाटोनिन वापरतात. हा लिगंड ॲगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टरला चालू करणारा, आहे, म्हणून रिसेप्टर जी-प्रथिनाशी (पेशीत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेला असतानाच त्याची पकड सर्वांत घट्ट असते. शुद्ध केलेल्या, जी-प्रथिन नसलेल्या नमुन्यात ती सैल दिसली, तर प्रथिन मेले असा निष्कर्ष लगेच काढू नये. बफरमध्ये काही मिलिमोलर मॅग्नेशियम असावे, आणि सोडियम व जीटीपी (जी-प्रथिनावर बसणारा रेणू) ही पकड सैल करतात हे लक्षात असावे. पटलांवर ही पकड पिकोमोलर पातळीवर असते आणि इथेच सर्वांत फसवी चूक होते: संकेत वाढावा म्हणून पटलांचे प्रमाण वाढवले की मोकळा लिगंडच संपू लागतो आणि केडीचा (ज्या संहतीला निम्मे रिसेप्टर भरतात तिचा) आकडा खोटा येतो. घातलेल्या लिगंडचा दहावा हिस्सादेखील बांधला जाणार नाही इतके कमी प्रथिन आणि पुरेसे मोठे आकारमान घ्यावे, आणि इतक्या विरळ लिगंडला समतोल गाठायला वेळ लागतो म्हणून उबवणीचा काळ आधी स्वतंत्रपणे तपासून ठरवावा. अविशिष्ट (रिसेप्टरखेरीज इतरत्र होणारी) बांधणी मोजण्यासाठी १ मायक्रोमोलर थंड, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या, मेलाटोनिनची जोडनळी हवीच, आणि काचतंतूंचा फिल्टर पॉलिएथिलीनइमाइनमध्ये भिजवून घ्यावा.

जुन्या लेखांत भेटणारा ‘एमटी३’ हा या कुटुंबातला रिसेप्टर नव्हे. ते क्विनोन रिडक्टेज-२ हे एन्झाइम असल्याचे २००० साली दाखवण्यात आले. ऊतींच्या नमुन्यात नॅनोमोलर पातळीची वेगळी बांधणी दिसली, तर आधी या एन्झाइमचा विचार करावा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये नमुना ९५ अंशांवर उकळण्याची सवय इथे नडते: पटलप्रथिने उकळल्यावर एकमेकांना चिकटतात आणि जेलच्या तोंडाशीच अडून बसतात, त्यामुळे बँड दिसत नाही व दोष मात्र अँटिबॉडीला दिला जातो. नमुना खोलीच्या तापमानाला किंवा ३७ अंशांवर अर्धा तास ठेवणे बरे. एमटी१चे गणिती वजन सुमारे ३९ किलोडाल्टन असले, तरी ग्लुटाथिओन ट्रान्सफरेजच्या टॅगसह ते ६५च्या आसपास जाते आणि पेशीत बनलेल्या प्रथिनाला शर्करा जोडलेल्या असल्याने बँड पसरट व वर दिसतो; शंका असेल तर या शर्करा कापून काढणारे पीएनगेज-एफ हे एन्झाइम वापरून पाहावे. टॅग असलेले प्रथिन धन नियंत्रण (बँड दिसायलाच हवा असा नमुना) म्हणून वापरताना फक्त टॅगचे प्रथिनही शेजारच्या रकान्यात चालवावे, अन्यथा अँटिबॉडी रिसेप्टर ओळखते की टॅग, हे कळायला मार्ग राहत नाही. मेलाटोनिन रिसेप्टरच्या अनेक अँटिबॉडीजची विशिष्टता संशयास्पद असते, म्हणून रिसेप्टर व्यक्त न करणाऱ्या पेशींचा नमुना वगळू नये.

कार्य तपासताना हे रिसेप्टर जीआय या रोधक जी-प्रथिनाच्या मार्गाने सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू कमी करतात हे विसरले जाते. मुळात कमी असलेल्या पातळीतून घट दिसणार कशी? आधी सायक्लिक एएमपी वाढवणाऱ्या फोर्स्कोलिनने पातळी वर न्यावी, मग मेलाटोनिन द्यावे; घट जीआयला निकामी करणाऱ्या पर्टुसिस टॉक्सिनने नाहीशी झाली, तर मार्ग जीआयचाच आहे याला आधार मिळतो. सीरममध्येही मेलाटोनिन असू शकते, म्हणून प्रयोगापूर्वी पेशी सीरमविरहित माध्यमात ठेवाव्यात.

साठवणीचे नियम नेहमीचेच आहेत: छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवावे, पुन्हा पुन्हा वितळवू नये आणि मेलाटोनिनचे द्रावण प्रकाशापासून जपावे. आयोडीन-१२५साठी भारतात अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, आणि त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ६० दिवसांचा असल्याने पार्सल रखडले असेल, तर शिल्लक क्रियाशीलता बाटलीवरच्या तारखेपासून नव्याने मोजूनच पुढची आकडेमोड करावी.