वेगळ्या नावाचा अर्थ आणि उगम कसा पडताळावा

बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगण्यापूर्वी त्या नावाचा अर्थ घरातल्या कोणीतरी मुळापर्यंत जाऊन पाहिलेला असावा, कारण नावांच्या बहुतेक याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात.

प्रथम नाव देवनागरीत लिहून ऱ्हस्वदीर्घ पक्के करावे. रोमन लिपीत ‘कला’ आणि ‘काला’ सारखेच दिसतात. मग कोश उघडावा. संस्कृत नावासाठी फर्ग्युसन महाविद्यालयाचे वामन शिवराम आपटे यांचा १८९० चा कोश आणि मराठी शब्दासाठी मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहावा. डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ पासून आकार घेत असला, तरी त्याचे छापील खंड अजून ‘अ’मध्येच आहेत.

‘इरावती’ हे नाव घेऊ. ‘वती’ म्हणजे ‘असलेली’, तेव्हा शोधायचा शब्द ‘इरा’. अमरकोश ‘इरा भूवाक्सुराप्सु स्यात्’ असे सांगतो, म्हणजे पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी हे चारही अर्थ देतो. याद्यांतून यांतले मद्य हमखास गळते. अशा वेळी कोशातला सोयीचा अर्थ न उचलता सर्वांत जुना प्रयोग पाहावा. ऋग्वेदाच्या पर्जन्यसूक्तात (५.८३) ‘इरा विश्वस्मै भुवनाय जायते’ असे आहे: पाऊस पृथ्वीला फलवतो, तेव्हा साऱ्या जगासाठी पोषण उपजते. त्यावरून इरावती म्हणजे पोषक रसाने भरलेली, आणि रावी नदीला हे प्राचीन नाव का शोभले तेही उमगते. अर्जुन आणि उलूपी यांचा पुत्र इरावान याचे नावही याच शब्दाचे आहे. हिब्रू भाषेतले ‘इरा’ हे पुरुषनाम मात्र निराळे, त्याची सांगड येथे घालू नये.

शब्दाचा अर्थ आणि नाव ठेवण्याचे कारण यांची नोंद वेगवेगळी करावी. डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेल्या इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. मुलीला मोठेपणी हे कारणच अधिक मोलाचे वाटेल, म्हणून ते आजच लिहून ठेवावे.

या शोधासाठी वेळ मिळतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण ती नावाविना करता येते आणि नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क भरता येते. दाखला हाती येताच दोन्ही लिप्यांतले अक्षर न् अक्षर तपासावे.